कुंपणी, कंपनी आणि मंडळी

वाचकहो, खरे तर 'मंडळी' म्हणूनच तुम्हाला हाक मारायची होती. पण तो शब्द पुढे एका साक्षीसाठी लागणार आहे, म्हणून तूर्त त्याला बाजूला बसवतो.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात हे वाक्य कधी ना कधी ऐकू आले असेल. नात ताटावर बसते आणि म्हणते, "आजोबा, जेवायला कंपनी द्या ना." आजोबा बसतात, पण कुरकुरत. "सोबत म्हण, कंपनी काय? कंपनी कारखान्याची असते." माझ्या घरी हे दोन-तीनदा झाले. तिसऱ्या वेळी मी शब्दकोश उघडला आणि मला माझी कुरकुर परत घ्यावी लागली. जेवायला बोलावताना हा शब्द वापरणारी नात, नकळत का होईना, त्याच्या मूळ अर्थाच्या सगळ्यात जवळ होती.

लॅटिनमध्ये 'कुम्' म्हणजे सह आणि 'पानिस' म्हणजे भाकरी. उत्तर काळातल्या लॅटिनमध्ये या दोहोंपासून 'कोम्पानिओ' हा शब्द बनला. सहाव्या शतकातल्या फ्रँक लोकांच्या कायदेसंग्रहाच्या परंपरेत तो सापडतो. त्याचा अर्थ 'ज्याच्याबरोबर आपण भाकरी खातो तो'. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत गेला. पुढे अशा एकत्र खाणाऱ्यांचा जथा, मग सैन्याची तुकडी, जहाजावरचे सगळे खलाशी, शहरातल्या एका धंद्याची श्रेणी, नाटक करणाऱ्यांचा ताफा आणि भांडवल एकत्र घालून व्यापार करणारे लोक, असे त्याचे अर्थ एकातून एक फुटत गेले. व्यापाराचा अर्थ या कुळात तसा उशिरा आलेला पाहुणा आहे. आपल्याकडे मात्र तोच आधी आला आणि घराचा मालक होऊन बसला, त्यामुळे बाकीचे अर्थ आपल्याला उसने वाटतात.

याच 'पानिस'चे पोर्तुगीज रूप 'पांव', आणि त्यावरून आपला 'पाव'. गोव्यातल्या वाचकांना हे सांगायला नको. सकाळी सायकलवर भोंगा वाजवत येणाऱ्या पोदेराचे नावही त्याच धान्याच्या कोठारातले आहे. पाव आणि कंपनी हे शब्द सख्खे चुलतभाऊ आहेत. एक गोव्याच्या भट्टीतून आपल्या ताटात आला, दुसरा लंडनच्या पेढीवरून आपल्या दप्तरात.

गोव्याचे नाव निघालेच आहे तर तिथे थोडे थांबू, कारण आपल्या किनाऱ्यावर हा शब्द व्यापाऱ्यांनी आणलेला नाही. १५४० साली पोपने मान्यता दिलेल्या इग्नेशियस लोयोलाच्या धर्मसंघाला लॅटिनमध्ये 'सोसायटी' म्हणतात, पण पोर्तुगीजमध्ये त्याचे नाव 'कोंपान्यिया द जेझूस', म्हणजे येशूची कंपनी. लोयोला मूळचा शिपाई, म्हणून या नावात कोणी सैन्याची तुकडी पाहतात, कोणी नुसती सोबत. ६ मे १५४२ रोजी फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला आणि ही 'कंपनी' आपल्या भूमीवर आली. लंडनची कंपनी त्या वेळी जन्मालाही आली नव्हती.

या येशूच्या कंपनीत १५७९ साली एक इंग्रज गोव्यात दाखल झाला. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स, आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातला फादर स्टीफन्स. सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' लिहून १६१६ साली ते छापवणारा हा माणूस मराठीवर प्रेम करणारा पहिला इंग्रज म्हणून आपण ओळखतो. त्याच्या चरित्रातली एक बाजू मात्र फारशी बोलली जात नाही. १५८३ साली राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे दोन साथीदार या इंग्रजांना पोर्तुगीजांनी होर्मुझला पकडले आणि गोव्याच्या तुरुंगात आणून टाकले. त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत स्टीफन्स होता. जामिनावर सुटल्यावर चौघांपैकी एक, चित्रकार, गोव्यातच राहिला. बाकीचे १५८४ साली पळाले आणि विजापूर, गोवळकोंडा, बऱ्हाणपूर करत अकबराच्या दरबारापर्यंत गेले. फिच १५९१ साली लंडनला परतला. त्याच्या प्रवासाची माहिती तिथल्या व्यापाऱ्यांनी कान टवकारून ऐकली, आणि नव्या कंपनीची जुळवाजुळव चालू असताना त्याचा सल्लाही घेतला गेला. ओव्या रचणाऱ्या पाद्र्याने देशबंधू म्हणून केलेली मदत अशी कुठल्या कुठे जाऊन पोहोचली. यात स्टीफन्सचा दोष काढण्याचे कारण नाही. परक्या मुलखात आपल्या भाषेचा माणूस भेटला की त्याच्यासाठी धावून जाणे म्हणजे काय, हे आपल्या घराण्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

३१ डिसेंबर १६०० रोजी राणी एलिझाबेथने सनद दिली. सनदेतले नाव लांबलचक आहे. त्याचा मथितार्थ, पूर्वेकडच्या इंडीजशी व्यापार करणारे लंडनचे व्यापारी, त्यांचा गव्हर्नर आणि त्यांची कंपनी. दोनशेहून अधिक माणसे पैसा घालणारी होती आणि मक्तेदारी १५ वर्षांची. त्या नावात 'कंपनी'चा अर्थ अजून माणसांचा जमाव असाच आहे. पण कायद्याने या जमावाला एक देह दिला. तो देह जमीन घेऊ शकतो, दावा लावू शकतो, कर्ज काढू शकतो, आणि त्यातली माणसे मेली तरी तो मरत नाही. १६६८ साली दुसऱ्या चार्ल्सने मुंबई बेट या देहाला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिले. १७६५ साली बादशाह शाहआलमने बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी दिली, आणि लंडनचे दुकान दिल्लीचे दिवाण झाले. ग्वाल्हेरच्या वाचकांनी इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याच शाहआलमने १७८४ साली पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुतलकी दिली आणि तिचा कारभार महादजी शिंद्यांकडे आला. कागदोपत्री पाहिले तर कंपनी आणि महादजी हे एकाच धन्याचे दोन चाकर होते. दोघांनाही धन्याची किंमत पुरेपूर ठाऊक होती, आणि एकमेकांचीही.

आपल्या कारकुनांपुढे हा शब्द आला तेव्हा त्यांनी तो आपल्या जिभेवर बसवून घेतला. जुन्या मराठी कागदांत तो 'कुंपणी', 'कुंपिणी' अशा रूपांत भेटतो. शेताच्या कुंपणाशी त्याचा काही संबंध नाही, ध्वनीचे साम्य आहे एवढेच. पण कुंपणानेच शेत खाल्ल्याची म्हण ज्यांच्या तोंडी होती त्यांना १८१८ नंतर हे साम्य सुचले नसेल, असे मला वाटत नाही. दुसरी गंमत लिंगाची. मराठीत कंपनी 'ती'. तिला किताब मिळाला 'बहादूर', तो पुल्लिंगी. तिच्यापुढे लागले 'सरकार', ते नपुंसकलिंगी. तीन लिंगांत वावरणारी ही वस्तू नेमकी आहे तरी काय, असा प्रश्न सामान्य माणसाला पडणे साहजिक होते. कंपनी ही विलायतेतली कोणी थोर बाई असावी, असा समज कित्येकांचा होता असे सांगतात. आपण त्यावर हसतो. पण स्वतः इंग्रजही तिला लाडाने 'जॉन कंपनी' म्हणत, म्हणजे तेही तिला माणूसच करत होते. हसायचे तर दोघांनाही हसावे.

आता तारखांकडे पाहा. सनद ३१ डिसेंबर १६०० ची. दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला तो ३१ डिसेंबर १८०२ रोजी. दोनशे दोन वर्षांनी तोच दिवस. (दोन्ही वेळची पंचांगे वेगळी होती, पण कागदावर तारीख तीच.) त्याच १८०२ साली बडोद्यात मेजर वॉकर रेसिडेंट म्हणून बसला. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांचा सुर्जी अंजनगावचा तह झाला, ६ जानेवारी १८१८ रोजी होळकरांचा मंदसोरचा. हे तह पेशवे आणि इंग्लंडचा राजा यांच्यात, किंवा होळकर आणि राजा यांच्यात झालेले नाहीत. एका बाजूला गादी होती आणि दुसऱ्या बाजूला, शब्दाच्या मूळ अर्थाने, एकत्र पाव खाणाऱ्यांचा जथा होता. आपल्या पूर्वजांपैकी कोणी त्या तहांच्या वाटाघाटीत चिटणीस होते, कोणी फडणीस, कोणी वकिलाबरोबरचे कारकून. त्यांना ही विसंगती कळत नव्हती असे समजण्याचे कारण नाही. पण समोरच्याची पलटण मोजताना त्याच्या नावाची व्युत्पत्ती विचारत बसायला फुरसत नसते.

पलटणीवरून 'कंपू' आठवला. तोही याच घरातला असावा असे पुष्कळांना वाटते, पण तो वेगळा. लॅटिन 'काम्पुस' म्हणजे मैदान, त्यावरून छावणीचा अर्थ, आणि पोर्तुगीज-इंग्रजीच्या तोंडून आपल्याकडे 'कंपू'. डी बॉयनने महादजींसाठी कवायती पलटणी उभ्या केल्या, त्यांच्या ब्रिगेडला आपले लोक कंपू म्हणत. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कंपू नावाची वस्ती आजही आहे. आपण रोज तिथून रिक्षाने जातो आणि नावाकडे लक्ष देत नाही. मराठीत मात्र पलटणी गेल्या आणि कंपू उरला तो साहित्यातल्या, राजकारणातल्या टोळक्यांसाठी. व्युत्पत्ती निराळी असूनही वापरात कंपू आणि कंपनी एकमेकांच्या इतके जवळ आले, की "त्यांचा कंपू" आणि "ती सगळी कंपनी" यांत आज फक्त रागाच्या मात्रेचा फरक आहे.

हैदराबादने या शब्दाचा आणखी एक चेहरा पाहिला. तिथे कंपनीच्या रेसिडेन्सीबरोबर दुसरी एक कंपनी होती, विल्यम पामर अँड कंपनी. पामरचे वडील जनरल पामर पुण्याच्या दरबारात इंग्रजांचे रेसिडेंट होते, आई फैज बख्श. या पेढीत एक गुजराती सावकारही भागीदार होता. निजामाला फौजेच्या पगारासाठी ही पेढी भारी व्याजाने कर्जे देई आणि वसुलासाठी मुलखाचा महसूल लावून घेई. १७९७ च्या कायद्याने युरोपियनांना देशी संस्थानिकांशी सावकारी करायला बंदी होती. पण १८१६ साली गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने पामरला खास सूट दिली. हेस्टिंग्जने लेकीसारख्या वाढवलेल्या मुलीचा नवरा रम्बोल्ड या पेढीचा भागीदार होता. १८२० साली मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला आणि त्याने हे प्रकरण उकरले. बरीच राळ उडाली, हेस्टिंग्जचे नाव खराब झाले, १८२४ साली पेढी बसली. मोठ्या कंपनीने छोट्या कंपनीला बुडवले असे यावर म्हणता येईल. मला त्यात दिसते ते असे, की निजामाचे राज्य त्या काळात एका कंपनीकडून फौज घेत होते आणि त्या फौजेचा पगार दुसऱ्या कंपनीकडून कर्जाऊ. कर्जाचा हप्ता शेवटी भरत होता वऱ्हाडचा कुणबी.

१८३५ पासून कंपनीचा एकसारखा रुपया निघाला, १८० ग्रेन वजनाचा. एका बाजूला विलायतेच्या राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला कंपनीचे नाव. बडोद्याचा बाबाशाही, इंदूरचा आणि हैदराबादचा हाली, आणि हा यंत्रावर पाडलेला 'कलदार', यांचा बट्टा काढता काढता आपल्या आजे-पणज्यांची गणिते पक्की झाली. पुढे १ नोव्हेंबर १८५८ रोजी राणीचा जाहीरनामा निघाला आणि कंपनीचे राज्य संपले. कंपनी मात्र लगेच मेली नाही. भागधारकांचे देणे-घेणे उरकून १ जून १८७४ रोजी ती कायद्याने विसर्जित झाली.

आणि त्यानंतर सहा वर्षांनी आपल्याकडे हा शब्द नव्याने जन्मला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतला'चा प्रयोग केला. अण्णासाहेब बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांचे भाऊराव कोल्हटकर बडोद्याचे. मराठी संगीत रंगभूमीचे हे दोन खांब आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीबाहेरून आलेले आहेत, हे आपल्यासारख्यांनी अधूनमधून मोठ्याने म्हणायला हरकत नाही. या संस्थांची नावे पाहा. किर्लोस्कर नाटक मंडळी, शाहूनगरवासी नाटक मंडळी, १९१३ साली बालगंधर्व, बोडस आणि टेंबे यांनी काढलेली गंधर्व नाटक मंडळी, १९१८ ची मंगेशीच्या दीनानाथांची बलवंत संगीत मंडळी. पाटीवर आणि हस्तपत्रिकेवर 'मंडळी'. पण बोलताना? बोलताना सगळे 'कंपनी'. कंपनी गावात आली. कंपनीचा मुक्काम महिनाभर आहे. पोरगा कंपनीत पळून गेला. कंपनीचे मालक. लिहिताना एक शब्द आणि बोलताना दुसरा, असे पन्नासेक वर्षे चालले आणि कोणाला त्यात अडचण वाटली नाही.

आता 'मंडळी'ला साक्षीला बोलावतो. मंडल म्हणजे वर्तुळ, त्यावरून गोल करून बसलेली माणसे. आदराने अनेकांना उद्देशून मंडळी, घरातली माणसे ती मंडळी, आणि जुन्या पिढीत तर 'आमची मंडळी' म्हणजे आमची पत्नी. दुकानाच्या पाटीवर नावापुढे 'आणि मंडळी' लिहिले की ते 'अँड कंपनी'चे भाषांतर. इंग्रजीने भाकरीभोवतीच्या माणसांपासून जे अर्थ काढले, जवळपास तेच मराठीने वर्तुळापासून काढले. नाटक कंपनीत तर दोन्ही मुळे एकत्र आली. पन्नास-शंभर माणसांचे एक बिऱ्हाड, एक मुदपाकखाना, एक पंगत. मुख्य नट, पेटीवाला, पडदे ओढणारा, सगळ्यांचे अन्न एका चुलीवरचे. कराराचा कागद असो नसो, पंगतीत पान मांडले गेले की तो माणूस कंपनीचा. इंदूर, बडोदे, बेळगाव, हुबळी असा हा संसार रेल्वेच्या डब्यांतून फिरे. दीनानाथांची थोरली मुलगी लता १९२९ साली इंदुरात जन्मली, ती अशाच फिरत्या संसारात.

या पंगतीची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्याकडे १८५७ च्या कायद्याने 'मर्यादित जबाबदारी'ची सोय आली होती. म्हणजे धंदा बुडाला तर भागधारकाचे जेवढे पैसे घातलेले तेवढेच जातात, राहते घर जात नाही. पाटीवरच्या 'लिमिटेड' या शब्दाचा अर्थ इतकाच. नाटक कंपन्या बहुतेक लिमिटेड नव्हत्या. भागीदार निघून गेल्यावर गंधर्व मंडळीचे मालक एकटे बालगंधर्व उरले, तेव्हा तिचे कर्जही त्यांच्या एकट्याच्या अंगावर आले. सयाजीराव महाराजांचा राजाश्रय होता, रसिकांचे प्रेम होते. पण प्रेमाला ताळेबंद नसतो आणि सावकाराला असतो.

याच गुर्लहोसूरने दुसरा एक किर्लोस्कर दिला, १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव. बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर. बेळगावातली जागा सुटली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर १९१० साली त्यांनी कारखाना हलवला, आणि १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. एकाच लहानशा गावातल्या दोन माणसांनी कंपनी या शब्दाला दोन वेगळी आयुष्ये दिली. एकीत पोरे घर सोडून पळून जात आणि घरचे कपाळाला हात लावत, दुसरीत पोराला चिकटवण्यासाठी घरचेच ओळख काढत. त्यानंतर फिल्म कंपन्या आल्या. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी, १ जून १९२९ ची प्रभात. तिथे पळून जाणारे आणि चिकटणारे, दोन्ही प्रकारचे लोक होते.

भाषाशुद्धीच्या चळवळीने पुष्कळ इंग्रजी शब्दांना पर्याय दिले आणि त्यातले कित्येक आपण विनासायास वापरतो. 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिणारे माधव जूलियन बडोद्यात जन्मलेले आणि फारसीचे प्राध्यापक, हे मला नेहमी विचार करायला लावते. परक्या भाषेत इतका मुरलेला माणूसच आपल्या भाषेच्या हिशेबाला इतका काटेकोर होऊ शकतो. पण 'कंपनी' कोणाला हलवता आली नाही. आज आपण विचारतो, "पंखा कुठल्या कंपनीचा?" "कंपनीची बस चुकली." "मुलाची कंपनी बरी नाही." "सून कंपनीत आहे." चार वाक्ये, चार अर्थ. ऐकणाऱ्याला एकदाही थांबावे लागत नाही. नातीचे वाक्य पाचवे.

शेवटी एक काम सांगतो, आणि ते मी तुमच्याकडेच मागू शकतो. आपल्या घराण्यांतून मोडी कागद अजून आहेत. माळ्यावरच्या पेटीत, जुन्या वाड्याच्या फडताळात, कुठे देवघरामागे. दर वर्षी एखादा वाडा विकला जातो आणि त्यातले बासन रद्दीत जाते. मागच्या वर्षी एका परिचिताने मला एक कागद दाखवला. "शेताच्या कुंपणाचा काहीतरी वाद आहे, टाकून देऊ का?" मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळत नाहीत आणि अनुस्वार पुष्कळदा गाळतात. कागदावर 'कुपणी' असे होते, आणि त्याच्या पुढच्या ओळीत 'सरकार'. तो वाद शेताचा नव्हता. त्यांच्या खापरपणजोबांनी इनामाच्या उत्पन्नाबद्दल रेसिडेंटकडे केलेल्या अर्जाची ती घरची नक्कल होती. तुमच्या पेटीत असा कागद असेल, तर टाकण्यापूर्वी 'कुंपण' दिसले की त्याच्या पुढचा शब्द कोणाकडून तरी वाचून घ्या.